बोनकोड्याचा खांब सर केला, त्याची हकीकत

मौजे बोनकोडे, मुलूख नवी मुंबई, येथील जुने पिवळे दिवे उतरवून पांढरे एलईडी चढवावे, ऐसें फर्मान पालिकेच्या दरबारातून सुटले. तेव्हां जें वर्तले तें पुढिलांस ठाऊक असावे, सबब लिहिले आहे.

राजश्री हरेशशेट, मूळ भूमिपुत्र, चार मजल्यांचे धनी. यांणी दुसऱ्या मजल्याची गॅलरी गल्लीवर काढिली, आणि वाटेत सरकारी दिव्याचा खांब आला, तो हटेना, मग काचेच्या खिडक्या लावून त्यासही आत घेतले. दिवा सोफ्यावर जळू लागला आणि गल्ली अंधारात बुडाली. शेटांच्या मातोश्री काशीबाई सांजेस ओट्यावर बसत. त्यांच्या मैत्रिणी ठेचकाळण्याच्या भयाने येईनाशा जाहल्या.

ऐसे असतां पालिकेच्या अभियंत्या वैजयंतीबाई शिडीची गाडी आणि वायरमनांची फौज घेऊन चालून आल्या. हरेशशेट हवालदिल जाहले. दिवा दाखवावा तर गॅलरी दिसते, आणि गॅलरी दिसली तर हातोडा येतो. मग मसलत करोन खांबास पडदा गुंडाळिला, तोरणे बांधिली, आणि घरात हळद आहे ऐसा बहाणा केला. बाईंनी लग्न कोणाचे म्हणोन पुसिले. शेटांचे लेकरू एकच, तें इयत्ता दुसरीत.

मग पडदा उतरला. बाईंचा हुकूम जाहला की, दिवा रस्त्यावर यावा, नाहीतर गॅलरी खाली यावी. शेटांनी थंडा पुढे केला, नगरसेवकांस फोन लाविला, तो उचलला गेला नाही. इतक्यात काशीबाई गुडघा धरोन जिना चढल्या.

"हरेश, खांब रस्त्याचा हाय, तुज्या सोफ्याचा नाय. काच काढ, नि दिवा भायेर जाऊ दे. माज्या मैतरनी कवाधरनं आल्या नाय."

शेटांनी मान तुकविली. गॅलरीच्या खिडकीची नवी काच निघाली, त्या जागेतून खांबाचा लोखंडी दांडा गल्लीवर गेला, त्याचे टोकास एलईडी चढला, आणि सांज होतांच पेटला. अवघी गल्ली दुपारसारखी लख्ख जाहली. ओट्यावर म्हाताऱ्यांची दाटी जाहली.

तेव्हां सर्वांनी वर पाहिले. शेजारच्या रूपेशची गॅलरी हातभर पुढे, पलीकडच्या शिवाची त्याहून पुढे, समोरासमोरच्या ऐशा भिडल्या की आभाळाची चिंधी उरली. आणि सर्वांत आखूड गॅलरी हरेशशेटांची. वैजयंतीबाईंनी एक पाहिली, दुसरी पाहिली, मग पाहणे सोडोन चहा घेतला आणि फौजेसह जुईनगराकडे कूच केले.

येणेप्रमाणे दिवा फत्ते जाहला, गॅलरी बचावली, मुलखात उजेड जाहला. हरेशशेट मात्र रस्त्यात उभे राहोन बराच वेळ वर पाहात होते. मग त्यांणी कुटुंबास, वैशालीबाईंस, हांक मारिली.

"सकाळीच गवंड्याला फोन लाव. आपलीच गॅलरी आत रायली."