पत्रिकेतली वरची ओळ

देवपुरातल्या आपल्या छपाईच्या दुकानात निलोफरने नवा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडला. जुन्यातल्या नऊ वर्षांच्या लग्नपत्रिका एका दुपारात पेन ड्राइव्हवर भरून नव्यात उतरवल्या आणि जुना लगोलग भुसावळला, धाकट्या बहिणीकडे रवाना केला. "त्यात माणूस कशाला बोलवायचा? फाइली तर उचलायच्या असतात!" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाईदासभाऊ मुलीच्या पत्रिकेवर शेवटची नजर टाकायला आले. छपाई दुपारीच होती. सोबत त्यांचे दोन चुलते, उखर्डू आबा आणि पुना नाना. कोणाचं नाव वर, यावरून दोघे चार दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

निलोफरने झोकात फाइल उघडली. गणपती जागच्या जागी होता. खाली मात्र इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची खिचडी! फाइली आल्या, पण मराठी अक्षरांचा फॉन्ट जुन्यातच राहिला, हे तिच्या तत्काळ लक्षात आलं. चेहऱ्यावर काही न दाखवता तिने बहिणीला फोन लावला.

"तहरीम, जुन्यातला पत्रिकेचा फॉन्ट लगेच पाठव."

"आपा, मी तर तो सगळा पुसायला घेतलाय. नक्की पुसू का, विचारतोय."

"नाही म्हण! आधी नाही म्हण त्याला!"

इकडे आबांनी चष्मा सारखा केला. "पोरी, हाई कोणती भाषा शे?"

"कॉम्प्युटरची, आबा. आत अशीच असते. आत्ता मराठी होईल."

"मग मनं नाव कोठे शे?"

निलोफरने बेधडक सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. आबा खुलले. नाना पुढे सरसावले. "आनि मनं?"

"त्याच ओळीत, नाना. तुमचं डावीकडे, वाचताना आधी येणारं."

"मंग मी मागे?" आबा उसळले.

"मानाची जागा उजवीकडे असते, आबा."

दोघेही समाधानाने खुर्चीत टेकले. भाईदासभाऊंनी सगळ्यांना चहा सांगितला. चहा संपता संपता भुसावळहून फॉन्ट आला. निलोफरने तो बसवला, फाइल पुन्हा उघडली आणि अभिमानाने पडदा त्यांच्याकडे वळवला. अक्षरं मोत्यासारखी उमटली होती. वरच्या ओळीत भाईदासभाऊंचे सासरे एकटेच दिमाखात बसले होते. आबा सातव्या ओळीत, नाना आठव्या.

भाईदासभाऊ पायानेच चपला चाचपू लागले. आबांनी नानांकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"पुना, काय म्हणस?"

"तू म्हणशी तसं, दादा."

आबांनी काठी टेकली आणि निलोफरला हुकूम सोडला, "पोरी, ते पहिलंच छापी टाक. ते बठ्ठं बरोबर व्हतं."