कबूल केलेले भुंगे

पिंड ठेवून दीड तास झाला तरी कावळा शिवेना. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले भालचंद्रराव हात जोडून उभे होते, आणि समोरच्या बाभळीवर एक सोडून चांगले सात कावळे बसले होते. बायकोची, सुहासिनीबाईंची, कोणती इच्छा राहिली ते कोणालाच उमगेना. "आपल्या ऋषीचं लग्न करतो," म्हणून झालं. "तुझ्या पाटल्या सुनंलाच घालतो," म्हणून झालं. कावळे ढिम्म! शेवटी शेजारी राहणारा कूलर दुरुस्तीवाला कमरोद्दीन मागून बोललाच, "साहेब, भुंगे! भाभी किती डाव म्हणल्या तुमाला."

भालचंद्ररावांचा चेहरा उतरला. "आणतो गं, भुंगे आणतो," ते म्हणाले. पहिला कावळा तेवढ्यात खाली उतरला.

आता हे भुंगे काय, तर मेक्सिकन भुंगे. पिवळट रंगाचे, पाठीवर काळ्या रेघा, आणि खाण्याच्या बाबतीत भलते हट्टी. गाजरगवत सोडून कशाला तोंड लावत नाहीत. जालन्यातल्या त्यांच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर हे गवत कमरेइतकं वाढायचं. त्याला पांढरी फुलं आली की सुहासिनीबाईंना दम लागायचा. त्या रात्रच्या रात्र खुर्चीत बसून काढायच्या. रेडिओवर त्यांनी भुंग्यांचं ऐकलं आणि दरवर्षी पाऊस पडला की म्हणायच्या, "अहो, आणा की." पण भालचंद्रराव पडले कागदाचे माणूस! "किड्यांचं काम न्हाई हे. मालकाचं काम हाय," असं म्हणून ते प्लॉटमालक तातेरावांना आष्टीच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवायचे. अशी अकरा वर्षांत अकरा पत्रं गेली. सगळ्यांच्या पोचपावत्या फायलीत नीट लावलेल्या. गेल्या भादव्यात बाई दम्यानेच गेल्या. फाईल मात्र ठणठणीत होती.

भुंगे पावसाळ्यातच निघतात, म्हणून कबूल केलेलं वर्षभर राहिलं. वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा परतूरजवळच्या एका बांधावर भुंगे लागल्याचं कळलं. भालचंद्रराव पहाटेच निघाले. दिवसभर उन्हात वाकून त्यांनी एकेक भुंगा वेचला, झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत दोनशे भुंगे भरले आणि बरणी मांडीवर घेऊन रेल्वेने परत आले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना बरं वाटत होतं.

घरी येऊन बघतात तर प्लॉट हाताने पुसल्यासारखा स्वच्छ. मधोमध जेसीबी उभा. सगळी गल्ली घामाघूम, आणि पुढे हार घेऊन खुद्द तातेराव!

"साहेब, वहिनी गेल्याचं मला परवा कळलं हो," तातेराव रडवेल्या आवाजात म्हणाले. "लाज वाटली. म्हणलं, वर्षश्राद्धाच्या आत गवत काढायचंच. एक पान ठेवलं न्हाई!"

"गल्लीतलं बी सगळं उपटलं," कमरोद्दीनची बायको मैमूना म्हणाली. "नालीच्या काठचं बी. तुम्ही कावळ्याला कबूल केल्तं ना, भाईसाब?"

भालचंद्ररावांनी बरणी वर धरली. "मी भुंगे कबूल केल्ते. आता हे खातील काय?"

कोणीतरी कोथिंबीर आणून दिली. मैमूनाने पालक दिला. भुंग्यांनी ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत दहा-बारा उताणे पडले.

मग काय! ज्या माणसाने अकरा वर्षं गाजरगवताच्या नावाने बोटं मोडली, तो दुसऱ्या दिवसापासून कमरोद्दीनच्या स्कूटरवर मागे बसून गाजरगवत शोधत हिंडू लागला. रुळाच्या कडेला चतुराबाई शेळ्या चारत होती. तिने हटकलं, "काका, ते नका नेऊ. शेळी बी खात न्हाई."

"शेळीला न्हाई, माझ्या मंडळीसाठी नेऊन राह्यलो," भालचंद्रराव म्हणाले. चतुराबाईने कमरोद्दीनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

तोडलेली पानं तासाभरात सुकायची. म्हणून भालचंद्ररावांनी मुळासकट रोपं आणली. पण लावायची कशात? सुहासिनीबाईंच्या मोगऱ्याच्या चार कुंड्या रिकाम्या होत्या. मोगरा त्यांच्यामागे पाण्यावाचून वाळून गेला होता, तोही यांच्याच हलगर्जीपणाने. त्याच कुंड्यांत त्यांनी गाजरगवत लावलं, भुंगे सोडले, वरून जुनी मच्छरदाणी टाकली आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालू लागले. हातांना खाज सुटली, शिंका थांबेनात.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी पुण्याहून मुलगा, ऋषी, आला. कुंड्या पाहून त्याचा तोलच गेला.

"बाबा, आईचा जीव ज्यानं घेतला ते आईच्याच कुंडीत?"

"भुंगे जगले पाह्यजेत बाबा. मी शब्द दिलाय."

"आता कोणासाठी?"

भालचंद्रराव तांब्या घेऊन पुढच्या कुंडीकडे वळले.

श्राद्धाच्या दिवशी कुंड्यांवरची मच्छरदाणी काढून कावळ्यासाठी वाढलेलं पान भिंतीवर ठेवलं. तातेराव आले, कमरोद्दीन-मैमूना आले, भालचंद्रराव तांब्या घेऊन उभे. कावळा आला. पानाकडे न बघता टुणकन कुंडीवर बसला, मान वाकडी करून त्याने गवताचं एकेक पान न्याहाळलं आणि चोचीत एक भुंगा उचलून उडाला.

"साहेब," कमरोद्दीन हळूच म्हणाला, "भाभी तपासून राह्यल्या."

ऋषीला हसू फुटलं. भालचंद्ररावही हसले, वर्षभरात पहिल्यांदाच. हसता हसता त्यांना हुंदका आला आणि ते सगळ्यांदेखत कुंडीपाशी खाली बसले. "एका दिवसाचं काम होतं गं," ते म्हणाले. "एका दिवसाचं. अन् मी पत्रं लिहीत बसलो."

ऋषीने वडिलांच्या हातातला तांब्या घेतला आणि चारही कुंड्यांना पाणी घातलं.

तोवर कावळा परत आला होता. या खेपेला कोणी काही कबूल केलं नव्हतं, तरी त्याने भाताचा घास घेतला.