सात-सी सगळ्यांनाच चिकटते

"फेकून द्या," प्लेट उजेडाकडे धरत उदागावा सेन्सेई म्हणाले.

"नाही फेकणार," कुझुमीबाई म्हणाल्या.

जपानमधल्या त्सुकुबाच्या त्या प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सेन्सेईंना 'नाही' ऐकायची सवय नव्हती. पण पुरावा त्यांच्याच बाजूने होता. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये एका प्रथिनावर साखरेची एक वेगळी साखळी उगवते. तेवढीच नेमकी ओळखणारी अँटिबॉडी बाईंना हवी होती. चार वर्षं खपून त्यांनी ती बनवणाऱ्या पेशींचा एक वाण मिळवला होता, सात-सी. अँटिबॉडी चिकटली की प्लेटमधली वाटी पिवळी होते. सात-सीने शहाण्णवच्या शहाण्णव वाट्या पिवळ्या करून ठेवल्या होत्या. ज्यांत प्रथिन घातलंच नव्हतं, त्यासुद्धा!

"ही दिसेल त्याच्या गळ्यात पडते," सेन्सेई म्हणाले. "शुक्रवारी कुरोसेच्या पेशी येतायत, पेशी वाढवायचा इनक्युबेटर रिकामा करा."

"शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत."

बाईंनी पाणी बदललं. पिवळं. मग प्लेट धुणारं यंत्र खोलून पुसलं. पुन्हा पिवळं, वर दोन स्क्रू उरले आणि सगळ्यांचंच धुणं बंद पडलं. मग त्यांना प्लेटच्या प्लॅस्टिकचा संशय आला.

"बाई, माझ्या वीस प्लेट्स कुठायत?" शेजारच्या टेबलावरच्या कुरोसेने विचारलं.

"पिवळ्या झाल्या."

गुरुवारी दुधाची पावडर संपली. वाट्यांची उघडी जागा झाकायला आधी दुधाचं पाणी ओतायचं, हा सेन्सेईंचा तीस वर्षांचा नियम. बाईंनी सरळ कुरोसेचं कपाट उघडून दुधाऐवजी गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची बाटली काढली.

"अहो, ती माझी आहे! महाग असते!"

"वीस प्लेट्स गेल्या, त्यात एक बाटली काय जड आहे तुला?"

दोन तासांनी बाईंनी प्लेट उजेडात धरली. कॅन्सरच्या प्रथिनाच्या तेवढ्या वाट्या पिवळ्या होत्या, बाकीच्या नितळ. ती साखळी दुधातल्या प्रथिनांवरही असते, अल्ब्युमिनवर मात्र साखरेचा कणही नसतो. सात-सी बिचारी इतके दिवस इमानाने दूध ओळखत होती!

बाईंनी प्लेट सेन्सेईंच्या टेबलावर आपटली. "गळ्यात पडत नव्हती ती. तुमचं दूध ओळखत होती."

सेन्सेईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. प्लेट तशीच होती.

मागे उभ्या कुरोसेचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे… माझे ते अकरा वाण? तेही सगळीकडे चिकटत होते. सेन्सेई फेका म्हणाले, म्हणून मी बाईंकडे दिले फेकायला. सहा वर्षांचं काम होतं ते!"



"द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेत," बाई म्हणाल्या. "अकराच्या अकरा. डब्यावर 'उंदरांची जुनी यकृतं' असं लिहिलंय, म्हणून कोणी हात लावत नाही."

सेन्सेई हळूच म्हणाले, "पण मी तर फेका म्हणालो होतो."

"हो, सेन्सेई," बाई अदबीने वाकून म्हणाल्या. "दर वेळी नीट ऐकलं होतं मी."