खुर्ची स्वस्त होईस्तोवर

भगवंतरावांनी ठरवलं होतं, खुर्ची घ्यायची नाही, नुसती वापरून बघायची. (असं ठरवूनच माणसं फसतात.)

खुबा मोडल्यापासून तेल्हाऱ्याच्या चौकातला त्यांचा चहा सुटला होता. मुलगा शिवम स्कूटरवर न्यायचा, पण सवड मिळेल तेव्हा. आणि जन्मभर एसटी चालवलेल्या माणसानं मागे बसून जायचं? छे! म्हणून अकोल्याचा एजंट देवीदास अर्ध्या दिवसाच्या ट्रायलला बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची घेऊन आला, तेव्हा त्यांनी लगेच बूड टेकलं. बटण दाबलं की ती चढ चढायची आणि खड्डा दिसला की आपणहून थांबायची. (तेल्हाऱ्यात म्हणजे बहुतेक थांबलेलीच असायची.)

किंमत ऐकून त्यांची बायको गोदाबाई मटकन खाली बसल्या. "एवढ्यात तं ट्रॅक्टर येते!"

"मोबाइल बी असाच महाग होता. आता ज्याच्या त्याच्या खिशात हाये. हे बी स्वस्त होईन."

"कवा?"

"होईन तवा. तोवर मी मरत नाई!"

चौकात ते एकटे पोचले, कुणाच्या मागे न बसता. डोळे भरून आले. पण नवी गाडी दिसली की पेढे मागायचे, ही आपल्याकडची रीत.

"भगवंतराव, पेढे काहून नाई?"

खुर्ची ट्रायलची आहे, एवढंच सांगायचं होतं. तेच तोंडातून निघेना. पेढे आले, चहा आला, कुणीतरी खुर्चीला हारही घातला. तेवढ्यात देवीदास आला.

"काका, उतरा. पातूरले दुसरी ट्रायल हाये."

ज्यानं हार घातला होता, त्यानं तो काढून घेतला. पेढे मात्र कुणी परत केले नाहीत.

भगवंतराव उतरून बाकावर बसले. "घेऊन जाय! पन तुह्या कंपनीले सांग, भाव पाडल्याशिवाय तुमाले गिऱ्हाईक भेटत नाई. मी वाट पाहून राहिलो!"

शिवमचा फोन लागेना. शेवटी कांदेवाल्या देवरावानं त्यांना आपल्या हातगाडीवर, कांद्यांच्या ढिगाशेजारी बसवलं. पण भगवंतराव हरणारे नव्हते. जो दिसेल त्याला हात उंचावून ओरडत होते, "स्वस्त होईन! पाहा तुमी, लय स्वस्त होईन!"

गाडी घराच्या गल्लीत वळली, तशी शेजारच्या चतुराबाई टोपली घेऊन धावत बाहेर आल्या.

"देवराव, थांबा! कसे लावले कांदे? अन् वरडाले मानूस कवा ठेवला?"