डान्स फ्लोअरवरचा सिग्नलमन

स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहामधल्या त्या क्वार्टरमध्ये गेले आठ महिने कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. कारण सुगत. सुजाताचा हा लेक चमचा पडला तरी जागा व्हायचा आणि जागा झाला की सगळ्या लाइनीला कळायचं. म्हणून सुजाताने कुकरवर बंदी घातली होती, डाळ पातेल्यात शिजायची. दाराच्या कडीला नागसेनचा जुना मोजा गुंडाळला होता. नागसेन, म्हणजे सुगतचे पप्पा, ड्युटीवरून आला की बूट हातात घेऊनच उंबरा ओलांडायचा.

सगळ्यात जास्त हाल सासऱ्यांचे झाले. बळीराम प्लांटच्या मिलमधून क्रेनचे सिग्नलमन म्हणून रिटायर झाले होते. घणघणाटात जन्म गेल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही शेजारच्या कांताबाईंना ऐकू जायचं. शेवटी त्यांनी बोलणंच जवळजवळ सोडलं आणि मिलमधले हात घरात आणले. क्रेनवर उंच बसलेल्या ऑपरेटरला खालून हातानेच सांगावं लागतं. बोट वर करून गोल फिरवलं की हॉइस्ट, उचला. बोट खाली करून फिरवलं की लोअर, हळूहळू खाली. दोन्ही हात पसरून आडवे हलवले की इमर्जन्सी स्टॉप, आहे तिथं थांबा. महिन्याभरात घर शिकलं. नागसेन लेकाला पाळण्यात ठेवायचा तो बापाच्या बोटाकडे बघत, जणू लोखंडाची तापलेली लादीच खाली उतरवतोय.

अशा घरात नागसेनच्या धाकट्या भावाला, सुशीलला, गायचं होतं. रियाजासाठी तो स्कूटर घेऊन मैदानावर जायचा. त्याच्या बँडला ‘हॉट मेटल’, म्हणजे वितळलेलं लोखंड, अशा नावाच्या नव्या क्लबात रविवार संध्याकाळचा फॅमिली शो मिळाला, पण बळीरामांनी त्याच्यासाठी रसमड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझरची जागा बघून ठेवली होती. सोमवारपासून.

“बाबा, एक बार सुनो तो सही,” सुशील दबक्या आवाजात म्हणाला.

“येतो नं पाहाले,” बळीराम कुजबुजले. कांताबाईंची खिडकी उघडली. “लोकं उठून नाचले त् गाय जिंदगीभर. बसून राहिले त् उद्या रसमड्याले. बोल, मंजूर?”

सुशीलने मान हलवली. सुजाताने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला गायला लावणारी तीच होती, त्यामुळे जाणं भागच होतं. सासूबाई पंचफुला लेकीच्या बाळंतपणाला गोंदियाला गेलेल्या. लेकराजवळ नागसेन थांबणार होता. पण दुपारी त्याचा फोन आला, “पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही. मले थांबवून घेतलं. तू जाय.”

“आन सुगत?”

“घेऊन जाय नं संग.”

“नाइट क्लबात? डोकं फिरलं का तुमचं? चमच्याच्या आवाजानं उठते थो!”

फोन ठेवून ती वळली, तर बळीराम कपाटातून आपले मिलमधले कानबंद काढून पुसत होते. हेडफोनसारखे जाडजूड, पिवळे. ते सुगतच्या डोक्याला फार मोठे होते. सुजाताने ते ओढणीने बांधले, सोडले, पुन्हा बांधले. बॅगेत दोन दुधाच्या बाटल्या, तापाचं औषध, थर्मामीटर आणि जायफळाची डबी भरली. ती जणू लांबच्या प्रवासालाच निघाली होती.

क्लबच्या दारावर काळ्या टी-शर्टातला धिप्पाड गडी उभा होता.

“कपल एंट्री ओन्ली,” तो रोजच्या सवयीने म्हणाला.

“हे काय,” बळीराम म्हणाले, “मी, माही सून आन नातू.”

“अंकल, कपल मतलब दो.”

“मंग आमी तीन हाओ. जास्तच झाले नं, कमी थोडीच हाय?”

गड्याने धातू शोधायचं यंत्र फिरवलं आणि ते बळीरामांच्या पायापाशी केकाटलं. क्लबच्या मेसेजमध्ये ‘चप्पल चालणार नाही’ असं आलं होतं, म्हणून बळीराम प्लांटचे सेफ्टी शूज घालून आले होते. त्यांच्या टोकात लोखंड असतं.

“ये क्या पहने हो, अंकल?”

“नाव काय हाय तुमच्या दुकानाचं? हॉट मेटल. मंग हॉट मेटलमंदी का सँडल घालून येऊ?”

मागच्या रांगेतली पोरं हसली. गड्याने हात जोडले आणि आत सोडलं.

आत अंधार, निळे दिवे आणि टेबलांवर बसलेली माणसं. सगळी फोनमध्ये. मधला डान्स फ्लोअर रिकामा होता. सुजाता स्पीकरपासून सगळ्यात लांबचा कोपरा शोधून भिंतीला टेकली. ड्रमचा पहिला ठोका पडला आणि तिने डोळे मिटले. आता हा फोडणार टाहो.

काही झालं नाही. तिने हळूच पाहिलं. कानबंद घसरून गळ्यात आले होते आणि सुगतचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं होतं. तोंड उघडं. गाढ झोप.

तिने बळीरामांना खूण केली. बळीरामांचा विश्वास बसेना. त्यांनी जवळ येऊन नातवाचा श्वास तपासला. मग कर्तव्य म्हणून ते तरातरा चालत फ्लोअरच्या मधोमध गेले आणि स्टेजवरच्या सुशीलकडे बघून बोट खाली फिरवू लागले. लोअर. लेकरू झोपलंय, आवाज कमी.

सुशीलचा आवाज तसाही भीतीने बसला होता. कुणी नाचत नव्हतं आणि रसमडा समोर उभा होता, सेफ्टी शूज घालून. पण आठ महिन्यांची सवय. बोट खाली गेलं तसा त्याचा आवाज खाली गेला, त्याच्यामागे गिटार, मग ड्रम. सगळं इतकं हळू झालं, की कोपऱ्यात सुगत चुळबुळला आणि त्याचा ओठ थरथरला.

“बाबा!” सुजाताने हाक मारली, पण सवयीने ती कुजबुजच निघाली. तिने बोट वर केलं आणि जोरजोरात फिरवलं. हॉइस्ट! हॉइस्ट!

बळीरामांनी नातवाकडे वळून पाहिलं आणि ती खूण तशीच पुढे पोचवली. हॉइस्ट. सुशीलने आवाज चढवला, ड्रमवाल्याने दणका दिला, दिवेवाल्याला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग, त्याने गोल उजेड बळीरामांवर टाकला. पांढरा शर्ट, इन केलेला, खाली सेफ्टी शूज, वर फिरणारं बोट.

“अरे, अंकल तो मस्त कर रहे हैं!” म्हणत दारावरची ती पोरं फ्लोअरवर उतरली. बळीरामांनी आवाज फार झाला म्हणून लोअर दाखवलं, तर पोरं बोट फिरवत खाली बसली. हॉइस्ट दाखवलं, तर सगळी एकदम उठली. मग टेबलं रिकामी होऊ लागली. एक आजी नातीसोबत आल्या. गुडघ्यांमुळे त्या खाली बसू शकत नव्हत्या, पण बोट झकास फिरवत होत्या.

“बाजूले व्हा बे! मले पोरगं दिसून नाही राहिलं!” बळीराम ओरडत होते. पोरं ‘बे!’ म्हणून साथ देत होती.

तेवढ्यात एक वेटर वाफाळतं पनीर घेऊन सुजाताच्या कोपऱ्याकडे वळला. गरम लोखंडी तवा आणि जवळ लेकरू! बळीरामांच्या अंगातला सिग्नलमन जागा झाला. दोन्ही हात पसरले. इमर्जन्सी स्टॉप.

बँड जागच्या जागी थांबला. अख्खा फ्लोअर गोठला. वेटरसुद्धा एक पाय उचललेला तसाच राहिला.

आणि त्या शांततेत सुगतने टाहो फोडला.

“बच्चा है क्या?” सगळ्यांच्या माना वळल्या. सुजाताला भिंतीत शिरावंसं वाटलं. क्लबचा मालक लगबगीने पुढे आला. स्टेजवर सुशीलचा चेहरा पडला.

“पाहून का राहिले?” बळीराम मिलच्या आवाजात गरजले. काचेचे ग्लास किणकिणले. “चालू करा रे!”

सुगत गप्प झाला. सुजाताने चमकून लेकाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. बँड सुरू झाला, फ्लोअर पुन्हा खाली-वर होऊ लागला आणि सुगत झोपेत हसला.

निघताना मालक सुशीलला म्हणाला, “दर रविवारी या. पण ते अंकल पाहिजेत हां. अंकल नाही तर शो नाही.”

सुशीलने बापाकडे पाहिलं. बळीराम बुटांकडे बघत होते.

“लोकं नाचले हे खरं,” ते म्हणाले. “रसमडेवाल्याले नाही म्हणून सांगतो. मलेच रविवारची सुट्टी नाही आता.”

घरी पोचून सुगतला पाळण्यात ठेवलं. कडीवर मोजा, पंखा बंद, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि सुगत किंचाळू लागला. बळीराम सवयीने लोअर करू लागले, सुशील चवड्यांवर उभा राहिला. सुजाता मात्र पाळण्याकडे बघत राहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमी बोला.”

बळीरामांनी ओठांवर बोट ठेवलं.

“नाही, खरंच बोला. मिलमंदी बोलत होते तसं.”

“काय बोलू?”

“आठ महिन्याचं जे राहिलं असंल ते.”

बळीरामांनी घसा साफ केला. “पह्यले त् डाळीचं सांगतो!” घर हादरलं. “पातेल्यातली कच्ची डाळ खाऊन खाऊन पोटाचं भजं झालं माह्या! कोणी इचारलं का? आन थे कांताबाई, कावून खिडकी उघडते थे घडी घडी?”

पलीकडे खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. सुगतने एक जांभई दिली. डाळीवरून बळीराम मिलमधल्या जुन्या ब्रेकडाउनवर आले तोवर तो झोपला होता. सुजाता हळूच स्वयंपाकघरात गेली.

नागसेन आला तेव्हा त्याला फाटकापासूनच बापाचा आवाज ऐकू आला. तो बूट हातात घेऊन धावत आत शिरला आणि घाबरून त्याने दोन्ही हात पसरले. इमर्जन्सी स्टॉप! एक बूट उडून खाटेखाली गेला. बळीराम वाक्याच्या मध्येच थांबले. पाळण्यात सुगतने एक डोळा उघडला.

स्वयंपाकघराच्या दारात सुजाता उभी होती. तिने बोट वर केलं आणि गोल फिरवलं. तिच्यामागे, आठ महिन्यांत पहिल्यांदा, कुकरची शिट्टी झाली.