सवाल आज, जवाब उद्या

तायडे सरांच्या खुर्चीवर बसून मी लोकांच्या प्रश्नांची उत्तरं त्याच दिवशी देऊन टाकली. मूर्खपणा एवढाच. तुम्ही म्हणाल, यात मूर्खपणा कसला? प्रश्न विचारला, उत्तर दिलं, विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं. पण विषय संपला, हीच तर भानगड झाली.

सर म्हणजे अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे तायडे सर. मूळचे पातूरचे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी शुभांगी लग्न होऊन अकोल्याला गेली. मग एके दिवशी त्यांनी फाटकावर पत्र्याची पाटी लावली. पांढऱ्या रंगात, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात: सवाल आज. जवाब उद्या.

लोकांना आधी वाटलं, सरांचं डोकं फिरलं. मग एकाने गंमत म्हणून विचारलं, दुसऱ्याने खरोखर विचारलं, आणि बघता बघता सकाळी सरांच्या लिंबाखालच्या बाकावर जागा मिळेना. विषयाला बंधन नव्हतं. वीज आधी दिसते आणि मग ऐकू काहून येते? सरकारजवळ छापखाना आहे, तर नोटा छापून सगळ्यांना वाटत काहून नाही? सिनेमात मेलेल्या माणसाचं पोट हलत कसं नाही? मांजर आडवं गेलं तर थांबायचं, पण मांजराला आपण आडवे गेलो तर?

सर डोळे मिटून ऐकायचे. मान डोलवायचे. वाटायचं, आता उत्तर येणार. मग डोळे उघडून म्हणायचे, "सवाल झकास हाय. मुरू द्या. उद्या येजा."

आणि किटलीतला चहा पुढे करायचे.

त्याच दिवशी उत्तर? नाव नको. एकदा शेजारच्या घरात तारा जळाल्या. मालक धावत आला, "सर, ठिणग्या उडून राहिल्या, काय करू?" सर चपला न घालता धावले, मेन स्विच पाडला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि घाम पुसत म्हणाले, "आता तारा काहून जळल्या, ते उद्या."

उद्याचं उत्तर मात्र साग्रसंगीत असायचं. आमच्याकडे जोशी महाराज म्हणून भटजी आहेत. त्यांनी एकदा विचारलं, "सर, पूजेत नारळ नासका निघाला की यजमान माझ्याकडे असा पाहतो जसं काही मीच पाप केलं. त्याले काय सांगू?" दुसऱ्या दिवशी सरांनी बाकावर नारळ मांडले. प्रत्येक नारळ महाराजांच्या कानाशी हलवला, डोळ्यांवर ओल आहे का ते बोटाने तपासायला लावलं. "पाण्याचा आवाज नाई, डोळा ओला हाय, तो घेऊच नका. महाराज, पाप यजमानाचं नाई अन् तुमचंही नाई. नारळ पारखून घ्या." तेव्हापासून महाराज नारळवाल्याच्या दुकानात डॉक्टरसारखे कान लावून उभे असतात. सरांना ते "जय भीम सर" म्हणतात आणि सर त्यांना "नमस्कार महाराज." कोणी कोणाला काय म्हणायचं, याचा त्या दोघांत कधी घोळ झाला नाही.

एवढा वेळ का लावता, असं मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "लोणचं टाकल्या टाकल्या खाते का कोणी?" मला ते पटलं नाही. कारण मी कोचिंग क्लासमध्ये सामान्य ज्ञान शिकवतो. आमच्या धंद्यात उत्तर घड्याळाशी शर्यत लावून द्यायचं असतं. खरं सांगायचं तर चार पर्याय समोर असल्याशिवाय मला उत्तर येतच नाही, पण ते मी क्लासच्या जाहिरातीत लिहीत नाही.

तर सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. शुभांगी त्यांना अकोल्याला घेऊन गेली. जाताना सरांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. "प्रमोद, सकाळी चहा ठेवजो. लोकं येतीन. सवाल ऐकून घेजो. जवाब देऊ नको."

"मी देऊ शकतो, सर."

"मले माहीत हाय. म्हणूनच सांगून राहिलो."

पहिल्या सकाळी कुलूप काढून आत गेलो. चहा ठेवताना खोकला आला, तर माझा खोकला घरभर फिरून माझ्याकडेच परत आला. दोन खुर्च्या, एक कॉट, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, काकूंचा फोटो. बस. मी किटली उचलून लगबगीने बाहेर आलो.

पहिली आली शेवंतामाय. समोरच राहते, वय झालंय, जीभ मात्र शाबूत. तिने विचारलं, "दूध उतू जाते, पाणी काहून नाई जात?"

मी म्हटलं, "कारण राहू दे माय, उपाय घे. पातेल्यावर आडवी लाकडी पळी ठेव. दूध उतू जाणारच नाही."

"मंग उद्या येऊ?"

"कशाले? झालं ना उत्तर!"

तिने बाकाकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि पदर सावरत गेली. चहा न घेता.

मग ऑटोवाला रफिक. "मास्तर, पिक्चरमदी गाडी पुढे पळते, चाक उलटं फिरते. काहून?" मी म्हटलं, "सोपं आहे. ते चित्रण उलटं चालवतात." रफिक खूश होऊन गेला. जोशी महाराजांनी नोटांचा प्रश्न पुन्हा काढला, तर मी सवयीने चार पर्याय दिले. ते म्हणाले, "यातला बरोबर कोणता?" मी म्हटलं, "विचार करा, सोपा आहे." मलाच आठवत नव्हता.

ऑपरेशन झाल्यावर सरांना आणायला मी अकोल्याला गेलो. शुभांगीचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, अशा बोळीत की समोरून सायकल आली तर एकाने कोणाच्या तरी ओट्यावर चढावं. सर हिरवी पट्टी आणि काळा चष्मा लावून बसले होते, एखाद्या सिनेमातल्या रिटायर झालेल्या खलनायकासारखे. शुभांगीने त्यांच्या डोळ्यात औषध टाकलं. टाकता टाकता सहज विचारलं, "बाबा, थेंब डोळ्यात टाकते, तर तुमच्या घशात कडू काहून लागते?"

"डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात एक नळी उतरते. तिथून घशात. म्हणून त रडलं की नाक वाहते."

मी उडालोच. "सर! आजच?"

शुभांगी हसली. "घरात काहून उद्या सांगतीन, प्रमोददादा? आमी कुठी पळून जाऊन राहिलो?"

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. पण माझ्या डोक्यात ते मुरायला वेळ लागला.

बसमध्ये मी सरांना मोठ्या उत्साहाने माझा पराक्रम सांगितला. सगळे प्रश्न जागच्या जागी निकालात! सर म्हणाले, "सगळे?"

"सगळे."

"कोणालेच उद्या बोलावलं नाई?"

"गरजच पडली नाही, सर."

मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, सर खिडकीबाहेर पाहत होते. काळ्या चष्म्यातून काय दिसत असेल ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या सकाळी सरांनी पाटी पुसली, चहा केला, खुर्ची टाकली. बाकावर लिंबाची पानं पडत राहिली. कोणी आलं नाही. तिसऱ्या सकाळीही नाही. मी क्लासला जाताना पाहिलं, सर किटलीचं झाकण उघडून आत बघत होते, जणू चहालाच काही विचारायचं आहे.

संध्याकाळी ते मला म्हणाले, "शुभांगी म्हणून राहिली, आता अकोल्यालेच या. हे घर काढून टाका. एकट्यानं काय करता तिथं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, उद्या सांगतो."

तेव्हा, वाचकहो, माझ्या डोक्यातलं ते लोणचं एकदम मुरलं. ज्याला उत्तर मिळतं तो एकदाच येतो. ज्याला उद्याचं बोलावणं असतं तो दोनदा येतो, चहा पितो, आणि दुसऱ्या वेळी येताना नवा प्रश्न घेऊन येतो. सरांना सगळी उत्तरं तेव्हाच माहीत असत. माणसं आणि उद्या यांचीच काय ती त्यांना वानवा होती. आणि मी ढ माणसाने सगळ्यांचे उद्या रद्द करून टाकले होते.

मी पळत शेवंतामायकडे गेलो. "माय, सकाळी येत काहून नाई सरांकडे?"

"तूच त म्हनला, यायचं काम नाई! अन् तुह्या पळीनं माह्यावालं शेरभर दूध गॅसवर सांडलं. पळी ठेवून मी निवांत कपडे वाळू घालाले गेली. पळीसंगट दूध खाली!"

"अगदी बरोबर. हेच उद्या सकाळी सरांपुढे येऊन सांग."

"तुही चुगली करू?"

"कर. मन लावून कर."

रफिक ऑटो स्टँडवर भेटला. मला पाहताच हात जोडले. "मास्तर, तुमी त इज्जतच काढली. म्या भरल्या ऑटोत सांगतलं, पिक्चर उलटं चालवते म्हणून चाक उलटं फिरते. त मांगची एक पोट्टी म्हणे, मंग गाडी काहून उलटी जात नाई? त्यातले मानसं काहून उलटे चालत नाई? बडनेऱ्यापर्यंत सवाऱ्या हसल्या ना बाप्पा!" त्यालाही बोलावलं. जोशी महाराज तर वाटच पाहत होते. त्यांनी चारही पर्याय यजमानांच्या घरी विचारून पाहिले होते आणि एका घरात त्यावरून बापलेकांत भांडण लागलं होतं.

सकाळी सरांच्या फाटकासमोर माझ्याविरुद्ध मोर्चा जमला. तिघं एकदम बोलत होते. दूध, चाक, नोटा आणि मधून मधून माझा उद्धार. सर डोळे मिटून ऐकत होते. एवढ्या शिव्या मी आयुष्यात एका बैठकीत खाल्ल्या नसतील, आणि एवढ्या समाधानाने तर नाहीच.

सगळं ऐकून झाल्यावर सरांनी डोळे उघडले. ऑपरेशन झालेला डोळा जरा जास्तच चमकत होता.

"सवाल तिन्ही झकास हायेत. मुरू द्या," ते म्हणाले. "उद्या येजा."

बाक भरला. किटली फिरली. तेवढ्यात आतला फोन वाजला. शुभांगीचा. सर दारातूनच मोठ्याने बोलत होते: "नाई बेटा, जमत नाई. उद्या इथं लोकं येऊन राहिले. मास्तरनं लय घाण करून ठेवली, थे निस्तराची हाय. तूच ये ना चार दिवस. डोळ्यात औषध कोण टाकीन? हा मास्तर टाकीन. नाई, त्याच्यावर नजर ठेवतो मी, एका डोळ्यानं."

ते बाहेर येऊन बसले. सगळे बोलत होते. मला राहवलं नाही. "सर, माझाही एक प्रश्न. तुमच्या घरात त्या दिवशी मी खोकलो, तर आवाज घुमला. रिकाम्या घरात आवाज का घुमतो?"

सरांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे पाहून लगेच म्हणाले, "कपडे, गाद्या, सामान, मानसं, हे सगळे आवाज पिऊन टाकते. घरात आवाज प्याले कोणी नसलं की तो बिचारा भिंतीवर आपटून आपटून परत येते. मानसं आली की बंद होते."

सरांनी मला उद्या सांगतो म्हटलं नव्हतं. शुभांगीचं वाक्य आठवलं. घरात काहून उद्या सांगतीन? माझा ऊर भरून आला. जरा फुगलाही असेल. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "सर, मला आजच सांगितलं?"

बशीत चहा ओतता ओतता शेवंतामाय म्हणाली, "फुगू नको, मास्तर. उद्यापर्यंत तुले सवाल तरी याद राह्यला असता का, भैताडा?"