कुंदाआजीची हिंगाची डबी

प्रिय नील आणि ईरा,

हे लिहिण्याचं कारण ईरा आहे. गेल्या रविवारी आपला व्हिडिओ कॉल संपायच्या आधीच ती उठून गेली. का गेली ते तुमच्या बाबाने मला नंतर सांगितलं. "कुंदाआजीला मी आवडत नाही. ती फक्त नीलदादाशी बोलते. माझा मासा मेला असं मी तिला सांगितलं, तर ती हसून म्हणाली, वा, छान!"

मी तेव्हा शेजारीच बसले होते. मलाही ते ऐकून कसंतरी झालं होतं. या आठवड्यात मी त्याचा छडा लावला. पण काही गोष्टी स्क्रीनसमोर बसून सांगता येत नाहीत, म्हणून लिहिते आहे. बाबाने हे सावकाश वाचून दाखवावं आणि मध्ये स्वतःची भर घालू नये.

कुंदा म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. तिने लग्न केलं नाही. आजोबा गेल्यापासून आम्ही दोघी हडपसरच्या या फ्लॅटमध्ये राहतो. घराचे नियम मी करते, ती मोडते. तुम्ही तिला सुट्टीत भेटला आहात, पण तिच्याबरोबर बसने कुठे गेलेला नाहीत. त्यामुळे तुम्हाला ती खरी माहीत नाही.

कुंदा अनोळखी माणसांच्या कानातले इयरफोन काढते.

अगदी खरं आहे. तिची एक कसोटी आहे. हात लांब करायचा, तेवढ्या अंतरावरून दुसऱ्याच्या कानातलं गाणं आपल्याला ऐकू आलं, तर त्याचा आवाज जास्त आहे. हल्ली तर तिला ऐकू यायचीही गरज पडत नाही. समोरच्याची मान ज्या जोराने हलते त्यावरून ती ठरवते. मग त्याच्या खांद्यावर टकटक करते, आणि त्याने वर बघेपर्यंत एक इयरफोन हिच्या हातात आलेला असतो.

मागे आम्ही खराडीला माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. बसमध्ये सगळी आयटीतली मुलं, गळ्यात कंपनीच्या पट्ट्या, कानात बोंडं. आमच्या पुढच्या सीटवरचा मुलगा चांगलाच डोलत होता.

"काय रे, गाणं तू ऐकतोयस की बसला ऐकवतोयस?" कुंदाने विचारलं. "बसला ऐकवत असशील तर आमच्या तिकिटाचे पैसे परत दे."

"आजी, चिल ना," मुलगा म्हणाला.

"मी चिलच आहे. तू पन्नाशीत 'काय म्हणालात, काय म्हणालात' करत फिरशील, तेव्हा हॉट होशील. आवाज निम्म्यावर आण. आणि मधूनमधून कानाला चहा दे."

कानाला चहा देणे, हा तिचा शब्द. म्हणजे थोडा वेळ सगळं बंद करून कानांना शांत बसू देणे. कामगाराला चहाची सुट्टी मिळते, कानाला का नको?

मी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक सिमेंटचा मिक्सर होता. मी तो फार आस्थेने बघितला. या बाईशी आपला संबंध नाही असं चेहऱ्यावर आणण्याचा मला चांगला सराव झाला आहे. पण कुंदा तो टिकू देत नाही. "ही माझी वहिनी," ती सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "शाळेत इंग्रजी शिकवायची. वहिनी, याला जरा इंग्रजीतून सांग. मराठीतून पटत नाहीये."

मी उतरायचा स्टॉप येण्याआधीच उतरले. डॉक्टरांकडे चालत गेलो. सगळा रस्ता कुंदा म्हणत होती, "बरं झालं उतरलो. बसचा हॉर्नही वाईटच होता."

तिच्या पर्समध्ये एक पत्र्याची डबी असते. पूर्वी त्यात हिंग होता. आता त्यात स्पंजची छोटी बोंडं असतात, कानात घालायची. ती औषधांच्या दुकानातून आणते आणि वाटत सुटते. लग्नात, मिरवणुकीत, नाटकाच्या मध्यंतरात. वास मात्र गेलेला नाही. हडपसर-मांजरी भागात तुम्हाला एखाद्याच्या कानाला फोडणीचा वास आला, तर समजा की कुंदा तिथून गेली आहे.

मांजरीच्या एका लग्नात डीजे लावला होता. ताटातली आमटी थरथरत होती. कुंदाने आपली खुर्ची उचलली, लांब नेऊन ठेवली, आणि परत येऊन नवऱ्या मुलाच्या आजोबांना खुर्चीसकट ओढायला लागली. ते बिचारे फेटा सांभाळत "अहो बाई, अहो बाई" करत होते. "स्पीकरपासून लांब बसायला पैसे पडत नाहीत," ती त्यांच्या कानात ओरडली. मग मोर्चा डीजेकडे वळला. तो नागपूरकडचा होता, स्वभावाने गरीब.

"आजी, ऐकून तं घ्या, पार्टीनंच सांगितलं जोरात लावा म्हणून."

"तुझे कान कुठल्या पार्टीचे आहेत? रोज इथे उभा राहतोस. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजते का?"

त्याने एका हाताने कान चोळला. मग म्हणाला, "वाजते ना. सकाळपर्यंत जाते पण."

"एक दिवस जाणार नाही," कुंदा म्हणाली, आणि त्याला बोंडांची जोडी दिली. त्याने ती वास घेऊन खिशात टाकली. पंगतीतल्या सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे होतं. मी न वाढलेली जिलबी शोधत ताटात बघत बसले.

पण खरा प्रताप आमच्या सोसायटीच्या गणपतीतला. आरतीला टाळ, ढोलकी, घंटा, त्यात कुणीतरी मोठा स्पीकर आणलेला. कुंदाने प्रसादाआधी डबी फिरवली. लहान मुलांपासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी, हिच्याशी वाद नको म्हणून, बोंडं कानात घातली. नेमका पहिल्याच ओळीला स्पीकर बंद पडला. झालं! कुणाला कुणाचं धड ऐकू येईना. पुढची रांग गणपतीची आरती संपवून शंकराच्या आरतीला लागली, मागची अजून गणपतीतच. खांबाजवळच्या बायका थेट देवीवर पोचल्या. जो तो डोळे मिटून, भक्तिभावाने, स्वतःच्या चालीत. अध्यक्षांनी हात वर केले तर लोकांना वाटलं टाळ्या वाजवायच्या आहेत.

मी समितीत आहे. कार्यक्रमाची वेळापत्रकं मी करते. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे शेख साहेब, ज्यांच्या घरून दरवर्षी प्रसादाला पेढे येतात, हळूच म्हणाले, "मॅडम, आपल्या नणंदबाईंनी काल आरतीचा ट्रॅफिक जॅम केला." लिफ्ट आमच्या मजल्यावर पोचायला कधी नव्हे इतका वेळ लागला.

आता तुम्ही विचाराल, ही अशी का? मीही हे कधी विचारलं नव्हतं. स्वभाव, असं म्हणून सोडून दिलं होतं.

कुंदा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सगळं आयुष्य कानाला हेडफोन. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नसे. नुसत्या 'हॅलो'वरून ती माणूस ओळखायची, आणि त्याला सर्दी झाली असेल तर तेही सांगायची. "कान म्हणजे काय कुड्या अडकवायच्या खुंट्या आहेत?" हे तेव्हापासूनचं वाक्य.

निवृत्त झाली आणि ढोल-ताशा पथकात गेली. साठीच्या जवळ आलेली बाई, पांढरा सदरा, केशरी फेटा, कमरेला ताशा! ढोल झेपणार नाही म्हणाले, म्हणून ताशा. पावसाळ्यात रोज संध्याकाळी मांजरीच्या रस्त्यावरच्या मोकळ्या मैदानात सराव चाले. मी एकदा बघायला गेले होते. मधोमध कुंदा, दोन्ही हातांत काड्या, कडकड कडकड वाजवते आहे आणि चेहऱ्यावर असं काही की मी तिला तशी कधी बघितली नव्हती. मुली कानात कापूस घालत. ही आपला काढून टाकायची. म्हणायची, "कापसातून ठेका लोकरीसारखा येतो, वहिनी. मला तो सुईसारखा पाहिजे."

काही गणपती असे झाले आणि एका वर्षी ती गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. आमच्या इमारतीचे जिने ती माझ्यापेक्षा लवकर चढते, तरी मी मान डोलावली. त्याच वर्षी हिंगाची डबी रिकामी झाली.

तर या मंगळवारी सकाळी आम्ही स्वयंपाकघरात होतो. ती टेबलाशी बसून मेथी निवडत होती, मी ओट्यापाशी. ईराबद्दल कसं विचारावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. एवढ्यात मागच्या शेगडीवरच्या कुकरची शिट्टी झाली. पुन्हा झाली. डाळीचा कुकर कुंदाचा, त्याला मी हात लावलेला तिला चालत नाही. तिने मान वर केली नाही. शिट्टी पुन्हा झाली. मग तिने नेहमीसारखं मेथीवरून डोळे उचलून कुकरकडे बघितलं, वाफ दिसली, आणि ती उठून गॅस बंद करून परत मेथीपाशी बसली.

हे मी रोज बघत होते. कुंदा शिट्टी ऐकत नाही, बघते.

"कुंदा," मी तिच्यासमोर येऊन बसले. "तुला शिट्टी ऐकू येत नाही?"

"येते की."

"कुकरची?"

ती मेथीची एकेक काडी बघत राहिली. "माझ्या कानात एक वाजतच असते, वहिनी. पथकापासून. आधी सकाळपर्यंत जायची. मग जायचीच थांबली. आता त्यातली कुकरची कुठली आणि माझी कुठली, कोण सांगणार?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी बारीक, उंच आवाज गेले. पक्षी, दाराची बेल, कुकर. बायकांचं बोलणं अर्धं ओठांवरून कळतं. लहान मुलांचं, फोनवर, जवळजवळ काहीच नाही. गेल्या वर्षी नीलचा आवाज फुटला, जाड झाला, म्हणून तो तिला ऐकू येतो. आणि ईरा, तू बोलतेस ते तिला फक्त दिसतं. तू इतक्या उत्साहाने ओठ हलवतेस, की काहीतरी आनंदाचंच असणार असं समजून ती 'वा, छान' म्हणते.

मी तिला माशाचं सांगितलं. तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कुणाला सांगू? आवाज ओळखण्याची मी नोकरी केली. आणि गावभर लोकांच्या कानांतली बोंडं उपसत फिरले. मीच मशीन लावून बसले तर लोक म्हणतील, आधी स्वतःचं बघ बाई. लाज वाटते गं."

लाज काय असते ते मला आजवर माहीत आहे असं वाटत होतं. बसमध्ये, लग्नात, लिफ्टमध्ये मी तीच तर घेऊन फिरत होते. पण माझी लाज फक्त लोकांच्या नजरेची होती. ही बाई आपली चूक दुसऱ्याने करू नये म्हणून लोकांना सांगत होती, आणि मी मिक्सर बघत होते.

परवा आम्ही कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बसनेच. कुंदाने वाटेत कुणालाही हात लावला नाही, तेव्हा मला चैन पडेना. समोरच्या मुलीच्या इयरफोनमधून मला गाणं ऐकू येत होतं. शेवटी मीच तिच्या खांद्यावर टकटक केलं. इंग्रजीतून सांगितलं. कुंदा खिडकीतून बाहेर बघत होती, पण हसत होती.

डॉक्टर म्हणाले, गेलेले आवाज परत येणार नाहीत. मशीनने बरंच भागेल, सगळं नाही. ते पुढच्या आठवड्यात मिळेल. "हिंगाच्या डबीत ठेवेन," असं तिने त्यांना सांगितलं. त्यांना काही कळलं नाही.

हे तुम्हाला कळवायला मी तिची परवानगी घेतली आहे. आधी नको म्हणाली. मग म्हणाली, "लिही. पोरीला सांग, आवडत नाही असं नाही. ऐकू येत नाही."

तेव्हा ईरा, या रविवारी तोंड कॅमेऱ्याकडे ठेव, सावकाश बोल, ओरडू नकोस. ओरडलीस की आवाज आणखी बारीक होतो. माशाचं पुन्हा पहिल्यापासून सांग. आणि नील, तो गेम खेळताना तुझ्या डोक्यावर जो मोठा हेडफोन असतो, त्याचा आवाज कमी कर. कानाला चहा दे. तू कॉलवर आलास की कुंदाआजीचं लक्ष आधी त्याच्याकडे जातं. ती बोलत नाही, कारण मी तिला दटावून ठेवलं होतं. आता ठेवणार नाही.

ताशा तिला आता ऐकू येत नाही. ढोल येतो, छातीतून येतो म्हणते. नीलचा आवाज येतो. माझं घोरणं दुर्दैवाने स्पष्ट येतं. आणि काल भाजी फोडणीला टाकता टाकता तिने एकदम "कुंदाऽआजी, बघ नाऽ" अशी हाक मारली. दोन वर्षांपूर्वी ईरा इथे होती तेव्हा गॅलरीतून मारायची तशी, मधला हेल, शेवटचा चिरका सूर, सगळं जसंच्या तसं. मी दचकून दाराकडे बघितलं.

तुझा आवाज तिला पाठ आहे.

तुमची,
आजी